खाल्लं मीठ

साठ मैल जायचं, साठ मैल यायचं,
आठवड्यातून पाच दिवस.
सुट्ट्या वजा करूनही वर्षाकाठी
माझी एक पृथ्वीप्रदक्षिणा होते
आणि पोचते मी फक्त क्लीव्हलँडला,
डायलिसिसच्या यंत्रांपाशी, सकाळी आठला.

अर्डिथ म्हणाली, "चौपन्नाव्या वर्षी दोन दारांची गाडी?
किराणा कुठे ठेवशील?"
म्हटलं, शेजारच्या सीटवर. तिथे कोण बसतंय नाहीतरी.
ती गप्प झाली.
मला तसं म्हणायचं नव्हतं.
मला खरंच किराणाच म्हणायचा होता.

पहिली पाहिली ती लाल.
फोटोत काय नटलेली!
टोइवो निएमीने तिला लिफ्टवर चढवलं, खालून बॅटरी मारली,
स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं
तर आत गेलं, पापडात जावं तसं.
"सोळा हिवाळे मीठ खाल्लंय हिने."
बर्फ हटावा म्हणून मीठ ओततात आमच्या रस्त्यांवर,
ट्रकच्या ट्रक, नोव्हेंबर ते एप्रिल.
माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
पत्रा नाही जागत.
तो आतल्या आत विरतो
आणि वरून पॉलिश मारलं की हसतो.

दुसरी रुपेरी, जर्मन. किंमत परवडणारी,
बाकी काहीच नाही.
टोइवोने क्लचचा खर्च पाकिटामागे मांडला
आणि ते पाकीट मला न दाखवता
स्वतःच्या खिशात घातलं.

तिसरी पास्कुझींच्या गराजमध्ये, जिनीव्हात.
आमचं ओहायोतलं जिनीव्हा, द्राक्षांचं.
निळी, छत दुमडणारी, बारा वर्षांची,
हिवाळाभर चादर पांघरून झोपणारी.
"फक्त रविवारी काढायचो, तळ्याकाठी.
वळणांवर बघा कशी धावते!"
म्हटलं, वळणं नकोत.
मला ही रांगेत चालवून बघायचीय.

मंगळवारी, सुट्टी असून, सव्वासहाला त्यांच्या दारात.
ते सपाता घालूनच आले, हातात थर्मास.
युक्लिडपाशी लाल दिवे लागले, नजर पोचेल तिथवर.
पहिला गिअर, न्यूट्रल. पहिला, न्यूट्रल.
डावा गुडघा मोजत होता, त्याला मोजू दिलं.
ट्रकची चाकं माझ्या कानाच्या उंचीवर,
छताच्या कापडातून सगळ्या जगाची घरघर आत,
हे सगळं वहीत उणे बाजूला.
पण पाठ तक्रार करायला जागा शोधत होती
आणि तिला सापडत नव्हती.

पास्कुझी इंजिनाबद्दल बोलत होते,
मग इंजिनाबद्दलच,
मग अर्ध्या वाक्यात थांबले.
बघते तर झोपलेले.
तोंड किंचित उघडं, थर्मास मांडीवर,
एकशे साठ घोडे पायाशी बांधून.

टोइवोच्या यादीत हा रकाना नव्हता.
पण मी बावीस वर्षं बघतेय,
चार-चार तास यंत्राशेजारी पडलेली माणसं.
कुठल्या यंत्रापाशी डोळा लागतो, कुठल्या नाही,
ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.
मला कळतं.

पुढच्या फाट्यावरून वळवली.
द्राक्षमळे दिसू लागले तेव्हा जागे झाले.
"पोचलो?"
परत आलो.
"झोपलो नव्हतो, डोळे मिटले होते नुसते."
हो, म्हटलं.

गराजच्या दारात त्यांनी एकच विचारलं,
"हिवाळ्यात काढणार?"
काढणार. रोज.
ते वाकले, उगाच चाकाजवळचा चिखल नखाने काढला.
दर शनिवारी खालून धुईन, मी म्हटलं,
गरम पाण्याने, पोटाखाली.

बराच वेळ बोलले नाहीत.
मग आपणहून चारशे डॉलर कमी केले.
चादर मात्र दिली नाही.
घडी घालून, छातीशी धरून
आत घेऊन गेले.